बिननावाच्या कामट्या

एका गावात एक आई होती, आणि तिला झोप लागत नव्हती. कारण तसं किरकोळ होतं. तिच्या सात वर्षांच्या मुलीचा ‘र’ पडत होता. म्हणजे लिहायला घेतला की तो नीट उभा राहायचा, आणि पूर्ण होईपर्यंत शेजारच्या अक्षराच्या अंगावर कलंडायचा. शेजारच्याला ते वजन झेपायचं नाही, मग तेही कलायचं. ओळ संपेपर्यंत सगळे शब्द उतारावरून घसरल्यासारखे पाटीच्या खालच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे.

आई शिकलेली होती. लग्न होऊन लांबून या गावात आली होती. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे त्याची झोप साध्या माणसापेक्षा दुप्पट उडते. डाव्या कुशीवर तिला वाटायचं, एवढंसं अक्षर ते, येईल हळूहळू. उजव्या कुशीवर वाटायचं, आणि नाहीच आलं तर?

दुसऱ्या गावात असती तर तिने इतकी काळजी केली नसती. पण त्या गावाची पद्धतच वेगळी होती.

ते गाव होतं सुपं आणि टोपल्या विणणाऱ्यांचं. बांबू यायचा वरच्या डोंगरातून. डोंगरात प्रत्येक घराचं आपलं एक बांबूचं बेट होतं, आणि बेटापाशी आपला एक झरा. पावसाळा सरला की घरोघरची तरणी मुलंमुली आपापल्या बेटावर जाऊन राहायची, तोड करायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. बेटं एकमेकांपासून लांब होती, हाक पोहोचणार नाही इतकी. मग घरी खुशाली कळवायची कशी? तर बांबूची एक पातळ कामटी तासायची, काजळ आणि डिंकाच्या शाईने तिच्यावर चार शब्द लिहायचे, आणि ती झऱ्यात सोडून द्यायची. सगळे झरे पुढे एकाच नदीला मिळत आणि नदी गावाच्या घाटाला येई. घाटावर आडवी जाळी बांधलेली असे. संध्याकाळी बायका पाण्याला आल्या की जाळीतल्या कामट्या उचलत.

आता गंमत अशी, की कामटीवर कुणीही नाव लिहीत नसे. नाव लिहिणं म्हणजे आपल्याच घराच्या दारात उभं राहून ‘मी अमुक, तमुकाचा मुलगा’ असं आईला सांगण्यासारखं. लोक त्याला आगाऊपणा समजत. आणि गरजही नव्हती. सगळ्या गावाला सगळ्या गावाचं अक्षर ठाऊक होतं.

“ही कुंभाराच्या थोरल्याची. त्याच्या ‘क’चं पोट बघा, बापावर गेलंय.”

“अगं, तुझी लेक यंदा वेलांट्या फार लांबवायला लागलीय. स्थळं बघायला घे.”

“ही बघा आमची. शाई किती सांडलीय. नांदायला गेल्यावर काय करेल कोण जाणे.”

एकदा सुताराच्या मुलाची कामटी आली, त्यात नेहमीचंच होतं, मी बरा आहे, बांबू चांगला आहे. पण ओळी खाली खाली जात होत्या. सुतार मजकूर पुरता वाचायला थांबलाच नाही. घोंगडी घेतली आणि चालायला लागला. मुलगा वर तापाने फणफणला होता.

म्हणून त्या गावात मुलं चालायला लागली की हातात बोरू येई, आणि आईला झोप लागत नव्हती ती म्हणूनच.

गावात एक गुरुजी होते. ते प्रत्येक मुलाला कित्ता घालून देत, आणि मुलाने रोज संध्याकाळी चार ओळी गिरवायच्या असा त्यांचा नेम होता. मारत नसत, पण उसासे फार टाकत. मुलीची पाटी बघून त्यांनी असा उसासा टाकला की आईलाच नापास झाल्यासारखं वाटलं.

“गुरुजी, सुधारेल ना?”

“सुधारायचं काय त्यात? अक्षर तिचं स्वतःचं होईपर्यंत लिहायचं.”

“म्हणजे किती दिवस?”

“ते मी कसं सांगू, बाई. संध्याकाळी तुम्ही शेजारी बसता का?”

आई बसत होती. पण कशी? एक डोळा चुलीवरच्या भाकरीकडे, एक डोळा पाटीकडे. मुलगी दोन ओळी लिहायची, तिसरीला रडायची, चौथीला बोरू मोडायची. आई ओरडायची. मग ओरडल्याचं वाईट वाटून गूळ द्यायची. मुलीच्या लवकर लक्षात आलं की बोरू मोडला की गूळ मिळतो.

बाकी मुलगी हुशार होती. बोलायला लागली की थांबायची नाही. कोंबडी पावसात भिजते पण बदक का भिजत नाही, यावर तिच्याकडे तीन वेगवेगळी उत्तरं होती आणि तिन्ही पटण्यासारखी. पण तीच उत्तरं लिहायला सांगितली की तिचं तोंड बंद व्हायचं आणि ‘र’ पडायला लागायचा.

अशात गावात एक फेरीवाली आली. तिच्या पेटीत बोलक्या दौती होत्या. दौतीचं झाकण उघडायचं, तिच्यापाशी तोंड नेऊन बोलायचं, आणि दौत कामटीवर कलती करायची. शाई आपोआप ओघळे आणि बोललेलं सगळं मोत्यासारख्या अक्षरात मांडून ठेवी. एक काना वाकडा नाही, एक ठिपका सांडलेला नाही.

आई दारातूनच म्हणाली, “आम्हाला नको. मुलीला हाताने शिकवतेय मी.”

“शिकवा की, ताई,” फेरीवाली उंबऱ्यावर टेकली. “शिकवू नका असं कोण म्हणतंय? पण पोर डोक्याने पुढे धावतेय आणि हाताने मागे पडतेय, हे मला दारातून ऐकूच आलं. डोकं हातासाठी का थांबवायचं?”

आईला ते पटलं. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत. समोरच्याचं म्हणणं बरोबर वाटलं की त्याला नाही म्हणता येत नाही.

“करून तर बघू दे तिला,” फेरीवाली म्हणाली आणि दौत मुलीपुढे धरली.

मुलगी दौतीपाशी वाकली आणि बदकाबद्दल बोलायला लागली. बोलतच राहिली. कामटी भरली, दुसरी भरली. मग तिने मागे बसून ती अक्षरं बघितली आणि इतकी हसली, की गेल्या कित्येक संध्याकाळी ती या ओसरीवर तशी हसलेली आईला आठवेना.

आईने दोन सुपं आणि एक झाकणाची टोपली देऊन दौत घेतली.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींकडे गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं. “गुरुजी, जग बदलतंय. लिहिणं म्हणजे विचार करणं, हात फक्त हमाल आहे.” असं बरंच काही ती बोलली. तिला स्वतःलाच ते ऐकायला बरं वाटलं.

गुरुजींनी ऐकून घेतलं. “तुम्ही शिकलेल्या,” ते म्हणाले. “तुम्हाला मी काय सांगणार.”

तिला वाटत होतं ते वाद घालतील. घातला असता तर कदाचित ती हरली असती. पण ते आत गेले आणि दुसऱ्या मुलाची पाटी बघायला लागले.

शिकलेल्या बाईने घेतली म्हटल्यावर शेजारच्या विणकरणीनेही दौत घेतली. मग तिच्या जावेने. “आमच्याकडे आता संध्याकाळी कुणी रडत नाही,” त्या एकमेकींना सांगत. खरंच होतं ते. संध्याकाळी गावात शांत वाटायला लागलं. हळूहळू गुरुजींकडे जाणारी मुलं कमी झाली, मग थांबली. एक दिवस गुरुजी आपल्या भाच्याच्या गावी राहायला गेले. निरोप द्यायला बरीच मंडळी जमली. दौतीकडून लिहून घेतलेला एक सुंदर मजकूर त्यांना भेट दिला. त्यांनी तो जपून पिशवीत ठेवला.

मुलगी मोठी झाली. दौतीने तिचं नुकसान केलं असं म्हणता येणार नाही. तिने दौतीला गोष्टी सांगितल्या, हिशोब सांगितले, आईशी भांडण झालं की तिच्या चुकाही मुद्देसूद सांगितल्या. आई ते वाचायची आणि मनात म्हणायची, बघा, काय अडलं? तरी अधूनमधून तिला वाटायचं, की ही कामटी माझ्या मुलीने लिहिली की शेजारणीच्या मुलाने, हे बघून कळत नाही. पण वाचून कळायचंच की. माझ्या मुलीसारखं लांबलचक कोण बोलतंय?

मग ते वर्ष आलं, जेव्हा मुलगी पहिल्यांदा बेटावर गेली. कंबरेला कोयता आणि दौत बांधून. वडील सुपं विकायला लांबच्या बाजाराला गेले होते, त्यामुळे त्यांच्या बेटावर ती एकटीच होती.

“रोज लिहीन,” ती म्हणाली. आणि लिहीत होती. घाटावर तिच्या दोन-दोन कामट्या यायच्या, बारीक अक्षरात भरलेल्या. बायका आईला चिडवायच्या. “तुझी लेक सगळा बांबू लिहिण्यातच संपवणार.”

एका संध्याकाळी जाळीत एक कामटी अडकलेली होती. बायकांनी ती उचलली आणि रिवाजाप्रमाणे आईच्या हातात दिली. दौती आल्यापासून कामट्या बोलण्यावरून ओळखायच्या म्हणून मोठ्याने वाचल्या जात, आणि ते काम तिचंच असे, ती शिकलेली म्हणून.

तिने वाचलं. “आई, पाय दुखावलाय. आपल्या झऱ्याच्या वर आहे. ये.”

खाली काही नव्हतं. अर्थातच नव्हतं. नाव लिहायची पद्धत नव्हती.

घाटावर त्या वेळी सात-आठ बायका होत्या आणि प्रत्येकीचं मूल वर होतं. प्रत्येकीने कामटी हातात घेऊन बघितली. अक्षरं सरळ, गोल, एकसारखी. हार ओवावा तशी.

“फार काही लागलेलं दिसत नाही,” एक म्हणाली. “किती नीट लिहिलंय बघा.”

“मुरगळला असेल. आमच्याचा नेहमी मुरगळतो.”

“तुझ्या लेकीची तर नाही ना गं?” कुणीतरी आईला विचारलं.

आईने कामटी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. तिने ती अशी बघितली, तशी बघितली. त्या अक्षरांत धरायला काहीच नव्हतं. मग तिने विचार केला, कारण विचार करणं तिला चांगलं जमत होतं. माझी मुलगी तीन वाक्यांत थांबणारी नाही. पाय दुखावला असता तर कसा दुखावला, कुठल्या दगडावरून, दगडाचा रंग कोणता, सगळं आलं असतं. आजची अजून आली नव्हती, पण कालच तर तिची केवढी मोठी कामटी आली होती.

“नाही,” ती म्हणाली. “ही माझी नाही.”

“माझ्या पोराचीच आहे,” विणकरीण म्हणाली. “ये म्हणजे ये. त्याचं बोलणं असंच तुटक. मी निघते आत्ताच.”

ती निघाली, आणि बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी गेलं होतं. आईही घरी आली. जेवली. आणि त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

विणकरीण दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता परत आली, ती हसतच. “अगं, तो तर ठणठणीत. मलाच म्हणतो, तू कशाला आलीस एवढं चढून? त्याने लिहिलीच नव्हती.”

घाटावर कुणी हसलं नाही. मग कुणी लिहिली होती?

सगळ्या बायका एकदमच वळल्या आणि आपापल्या वाटेला लागल्या. आई अंधारात चढत होती, पडत होती, उठत होती. ती मनात म्हणत होती, माझी नसेल. मग लाज वाटून म्हणत होती, कुणाचीच नसू दे. मग पुन्हा म्हणत होती, माझी नसू दे.

सकाळी ती आपल्या झऱ्याच्या वर पोहोचली. मुलगी झऱ्यावर झुकलेल्या एका खडकाला टेकून बसली होती. तिचा पाय गुडघ्याखाली नको तिथे वळला होता. ओठ सुकले होते. तिने आईकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “मला वाटलं, कालच येशील.”

आईने तिला पाठीवर घेतलं.

हाडवैद्याने पाय बांधला. तो म्हणाला, “पहिल्या दिवशी आणली असती तर सरळ बसला असता.” त्याने ते कुणाला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. पाय बरा झाला, पण आखूड राहिला. मुलगी पुन्हा बेटावर जाऊ शकणार नव्हती.

ती पडून असताना एकदा आईने विचारलं, “एवढंसंच का गं लिहिलंस? तू तर किती बोलतेस.”

“दुखत होतं,” मुलगी म्हणाली. “बोलवतच नव्हतं. नुसती रडत होते. दौतीला तोंड लावून किती वेळ रडले मी. तिने शब्द तेवढे घेतले.”

आईने ती कामटी काढून पुन्हा बघितली. इतकं रडणं त्या अक्षरांत कुठे गेलं होतं? हाताने लिहिलं असतं तर ‘र’ पडला असता. सगळ्याच ओळी पडल्या असत्या. घाटावरच्या कुणीही ओळखलं असतं, की हे लिहिणारा हात कापतोय. आणि कुठला हात, तेही.

गावाची बैठक बसली. फार वेळ लागला नाही. ठरलं, की यापुढे प्रत्येक कामटीखाली नाव लिहायचं.

“झालं ना मग,” विणकरीण आईला म्हणाली. “नाव असलं की काम भागलं. तू अक्षर-बिक्षर काय घेऊन बसलीस? स्वतःला खात बसू नकोस उगीच.”

तिचं बरोबरच होतं. नाव असतं तर मुलीचा पाय वाचला असता.

पुढच्या मोसमात घाटावर नावाच्या कामट्या यायला लागल्या. आता वाचून दाखवायचीही गरज उरली नव्हती, नाव बघायचं आणि आपली घ्यायची. सुतार, आता म्हातारा झालेला, आपल्या नातवाची कामटी घेऊन पायरीवर बराच वेळ बसून राहिला. त्याने ती उलटी करून मागची बाजूही बघितली.

“काय म्हणतोय नातू?” आईने विचारलं.

“बरा आहे म्हणून लिहिलंय,” सुतार म्हणाला. “असेल.”

त्या दिवशी आई घाटावरून तशीच गावात फिरली. कुणाकडे गुरुजींनी घातलेला एखादा कित्ता उरलाय का, बघायला. एका घरी कित्त्याची पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होती, पण अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. दुसऱ्या घरी म्हणाले, असेल कुठेतरी माळ्यावर. कुठेच सापडला नाही.

ती घरी आली. मुलगी ओसरीवर आखूड पाय लांब करून सूप विणत होती. आईने तिच्यापुढे पाटी ठेवली, नवा तासलेला बोरू ठेवला, आणि शेजारी बसली. चुलीवर काही नव्हतं.

“हे काय आता?” मुलगी म्हणाली. “मी काय सात वर्षांची आहे?”

“रोज चार ओळी.”

“कशाला? बेटावर तर मी जाणार नाही. लिहू कुणाला?”

“तेव्हाच तुला बसवायला हवं होतं,” आई म्हणाली. “रडली असतीस तर रडू द्यायला हवं होतं.”

“मी पळून गेले असते.”

“शोधून आणली असती.”

सुपाची एक काडी मुलीने उगीचच काढून पुन्हा घातली. मग आईने तेच सांगितलं, जे तिने त्या अंधारात डोंगर चढताना पहिल्यांदा स्वतःला सांगितलं होतं.

तात्पर्य: मुलाचं अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, पण ते कधी थरथरतं आणि कधी पळतं हे घरात कुणाला तरी ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक व्हायचं तर रडणाऱ्या मुलाशेजारी रोज संध्याकाळी बसावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही.

मुलीने ते ऐकून घेतलं. तिने बोरू उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि आईच्या हातात परत दिला.

“आधी तू लिहून दाखव,” ती म्हणाली. “तुझं अक्षर कसं आहे, ते मी कधी बघितलंच नाही.”